साफ करून दिलेली लीद

हत्तीची लीद उचलायची तर आधी वाकायला शिकावं लागतं. जो कमरेतून वाकतो तो चाळिशीत कामातून जातो. गुडघ्यातून वाकायचं, फावडं फरशीला चिकटवून सरकवायचं आणि गोळा अख्खा उचलायचा. गोळा फुटला की काम दुप्पट. घासूला हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी कंबर धरली, तिनं शिकवलं.

एक हत्ती दिवसाला शंभरेक किलो लीद टाकतो. प्राणिबागेत हत्तिणी दोन. म्हणजे दोनशे किलो, हातगाडीच्या पाच खेपा, आणि खताच्या खड्ड्याकडे जाणारी वाट चढाची. घासूनं हे काम एकतीस वर्षं केलं होतं. सुट्टीच्या दिवशीही तो एक चक्कर मारून जायचा. बदली कामगार कोपरे सोडतात, असा त्याचा अनुभव होता.

घासू हे आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नोकरीला लागला त्या वर्षी त्यानं हत्तीघराचं दार इतकं घासलं, की दारावर रंगवलेला नंबरच निघून गेला. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "हे कुणी केलं?" हा छाती काढून पुढे झाला. तेव्हापासून घासू. केस पिकल्यावर लहान माणसं घासूकाका म्हणू लागली, तेवढीच काय ती बढती.

हत्तिणींना पाटीवर मोठमोठी नावं होती, पण ती पाहुण्यांसाठी. कामगार त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली पंचावन्न ओलांडलेली, कानांच्या कडा फाटलेली, शांत. धाकटी तिशीतली. हिच्यासमोर फरशी धुवायची म्हणजे पाइप दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागे, नाहीतर अंघोळ हत्तिणीऐवजी घासूची व्हायची.

त्या वर्षी थोरली वाळायला लागली. पाठीचा कणा वर आला, कानशिलं खोल गेली. हत्तींना चारा घालणारा चारावाला साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, धाकटी तिला खाऊ देत नाही. मी डोळ्यांनी बघतो. थोरलीच्या गव्हाणीतलं गवत ही ओढून नेते आणि थोरली बिचारी बघत राहते."

साहेबांनी फायलीवर लिहिलं. धाकटीला दुसऱ्या प्राणिबागेत पाठवायचं, दोन दिवसांच्या वाटेवर. महिनाअखेरीस मोठा मालट्रक येणार. पाठोपाठ जाड फळ्यांची एक पेटी आली आणि आवारात उभी राहिली. धाकटीला आत शिरायची सवय व्हावी म्हणून रोज पेटीत केळी ठेवायला लागले. धाकटी रोज आत जायची, केळी खायची आणि उपकार फेडल्यासारखे चार गोळे टाकून बाहेर यायची. तेही घासूलाच उचलावे लागत. पेटीत फावडं तिरकं धरावं लागतं, मनगट दुखतं. पण त्याचं दुखणं मनगटाचं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी धाकटीच्या पायात खिळा गेला होता, तेव्हा तिला दोन दिवस वेगळं ठेवलं होतं. ते दोन दिवस थोरली फाटकाला डोकं लावून उभी होती. दोन दिवसांची तिची लीद एका गाडीत मावली होती. आता तर ती अर्धी झालेली. धाकटी गेली की ही महिना काढायची नाही, हे घासूला लख्ख दिसत होतं. पण झाडणाऱ्याला विचारतो कोण?

तरी तो साहेबांच्या खोलीत गेला. बूट बाहेर काढून गेला, कारण आतली फरशी दुसऱ्या कुणीतरी पुसलेली होती.

"साहेब, त्या दोघी भांडत नाहीत."

"तुला कसं कळलं?"

"भांडण असतं तर दोन टोकांना झोपल्या असत्या. लीद दोन टोकांना पडली असती. माझी गाडी सकाळी एकाच जागी उभी राहते साहेब. दोघींचे ढीग शेजारी शेजारी असतात."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. "म्हणजे लिदीवरून तू हत्तिणींचं मन सांगणार?"

"मन नाही. झोपायची जागा."

साहेब वाईट माणूस नव्हता. फक्त कागदाशिवाय त्याला काही दिसत नसे. त्यानं विद्यापीठात फोन लावला. तिथून एक तरुण बाई आल्या. रबरी बूट, केस घट्ट बांधलेले, खांद्याला थर्मासची पेटी. त्या विष्ठेच्या डॉक्टर होत्या. चारावाला ऐकूनच हसत सुटला. "एवढं शिकून शेवटी आमच्या घासूच्याच धंद्यात!"

घासूनं मात्र एक गोष्ट पाहिली. बाईंनी नाकाला रुमाल लावला नाही. सरळ ढिगाशी गेल्या, उकिडव्या बसल्या आणि काडीनं गोळा उलगडला. बसल्या त्याही गुडघ्यातून. बाई कामाची आहे, असं त्यानं ठरवून टाकलं.

"काका, यातून काय काय कळतं माहितीये? काय खाल्लं, कितपत चावलं, पोटात जंत आहेत का, पोटुशी आहे का. जीव धास्तावला की रक्तात जे उतरतं, ते यातही उतरतं. प्राण्याला टोचावं लागत नाही, पकडावं लागत नाही. तो आपणहून सगळं सांगून जातो."

"आणि माणसाचं?"

"माणसाचंही. हजारो वर्षांपूर्वी गुहेत कुणी बसून गेलं असेल, तर ते वाळलेलं सापडतं. त्यानं काय खाल्लं होतं ते सांगता येतं. शहराच्या गटारातलं पाणी तपासलं, तर साथ येणार हे दवाखान्याआधी कळतं."

घासूला शेजारचा निवृत्त कारकून आठवला. रोज पथ्याचं उकडलेलंच खातो म्हणून सगळ्या इमारतीला सांगत फिरायचा. आता शास्त्र इथवर आलंय म्हटल्यावर, त्याचे दिवस भरले होते.

"पण बाई, खोटं बोलता येत नाही का त्यात?"

"तोंड खोटं बोलतं, काका. हे नाही."

आता कुठली लीद कुणाची, हा प्रश्न होता. बाईंनी पिशवीतून दोन पुड्या काढल्या. एकीत सोनेरी चमकी, एकीत चंदेरी. पोटाला न बाधणारी, पोटातून जशीच्या तशी बाहेर पडणारी. पिठाच्या मऊ गोळ्यात घालून रोज सकाळी द्यायची, सोनेरी थोरलीला, चंदेरी धाकटीला. दुसऱ्या दिवशी ज्या लिदीत जी चमकी, ती त्या हत्तिणीची.

घासूच्या कपाळाला आठी पडली. "चमकी कशाला? मला बघून कळतं. थोरलीचा गोळा थोडा चपटा असतो, धाकटीचा गोल. एकतीस वर्षं उचलतोय."

"मला तुमच्यावर विश्वास आहे काका. पण कागदावर 'घासूकाका म्हणाले' असं लिहिता येत नाही."

खाऊ घालणं हे चारावाल्याचं काम. "गोळा हातानं तोंडात द्या," बाईंनी त्याला बजावलं. तो "हो हो" म्हणाला. घासूचं काम नमुना घ्यायचं. दर सकाळी दोन बाटल्या, दोघींच्या दोन, झाकण घट्ट, वर चिठ्ठी, आणि थर्मासच्या बर्फात. एका बाटलीत लिंबाएवढी लीद. दोनशे किलो उचलणाऱ्या माणसाला लिंबाएवढी! पण घासूनं हे काम अंगावर घेतलं ते धाकटीसाठी. तिचं जाणं-राहणं या बाटल्यांवर होतं, आणि आपल्या हातून हयगय होऊ द्यायची नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यानं थोरलीची लीद उलगडली आणि त्याला लाज वाटली. वीतवीत लांबीच्या गवताच्या काड्या बाहेर आलेल्या, सगळं विसविशीत. असलं विद्यापीठात पाठवायचं? तिथं शिकलेली माणसं टेबलावर घेऊन बघणार. तो तिथंच बसला आणि एकेक काडी ओढून काढू लागला. काड्या निवडून एका रिकाम्या डब्यात टाकल्या, कारण धुतलेल्या फरशीवर टाकणं त्याला जमण्यातलं नव्हतं. उरलेल्याचा हातानं छान गोल लिंबू वळला. बाटलीत ठेवला. बाटलीची कड ओल्या फडक्यानं पुसली.

तिसऱ्या दिवशी त्याला दुसरी गडबड दिसली. थोरलीच्या लिदीत सोनेरीबरोबर चंदेरीही चमकत होती. आणि धाकटीच्या लिदीत काहीच नाही. गाडीत एकमेकांना लागलं असणार, असं त्याला वाटलं. वस्तू चुकीच्या जागी पडली असेल तर ती उचलून जागच्या जागी ठेवायची, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक होतं. हातमोज्यानं चमकी पकडता येईना. दुसऱ्या दिवशी त्यानं घरून बायकोचा भुवया कोरायचा चिमटा आणला. थोरलीच्या लिदीतली चंदेरी चमकी एकेक करून वेचली आणि धाकटीच्या बाटलीत नेऊन लावली. ज्याचं त्याला. दीड तास लागला. पाठ भरून आली. पण दोन्ही बाटल्या अशा दिसत होत्या, की प्रदर्शनात मांडाव्यात.

"अहो, हे काय?" संध्याकाळी बायकोनं त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. "भुवईवर चमकी? आणि कानावर? कुठल्या नाटकात काम धरलंत?"

"लिदीतली आहे."

"हत्ती चमकी टाकायला लागले?"

"पिठातून घालतात. शास्त्र आहे."

"लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्यासाठी कधी चमकत आला नाहीत. हत्तिणींसाठी बरे नटता." तिनं पावाच्या कडा कापल्या, मधला मऊ भाग त्याच्या बशीत सरकवला आणि कडा स्वतः खाऊ लागली. त्याच्या दाढा जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून ही पद्धतच पडली होती. "आणि माझा चिमटा कुठाय?"

"कामावर."

"कामावर? माझ्या चिमट्याचं काय काम तिथं?"

घासूनं चहात पाव बुडवला आणि तो मन लावून चावू लागला. चौतीस वर्षांत तो एवढं शिकला होता.

असे तीन आठवडे गेले. बाई अहवाल घेऊन आल्या तेव्हा महिना संपायला चार दिवस होते. साहेबांच्या खोलीत बाई, चारावाला आणि दाराशी घासू, बूट हातात घेऊन.

बाईंचा चेहरा पडलेला होता. "थोरलीला जंत नाहीत. खाल्लेलं बारीक चावलेलं आहे, म्हणजे दाढा उत्तम आहेत. पण जिवाला ताण प्रचंड आहे. धाकटी मात्र मजेत. दुसरं कुठलंच कारण सापडत नाही, तेव्हा..." त्या घासूकडे न बघता म्हणाल्या, "सोबतीचाच त्रास असावा."

"मी म्हटलं नव्हतं?" चारावाला म्हणाला.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

एकतीस वर्षांत थोरलीनं घासूला फसवलं नव्हतं, आणि आज तिच्याच लिदीनं घात केला.

बाई निघताना त्याच्यापाशी थांबल्या. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "काका, तुमच्याइतके नीट नमुने मला कुणी दिले नाहीत हो. बाकीचे लोक माती, काड्या, काय काय भरून पाठवतात. तुमचे इतके स्वच्छ कसे?"

एवढ्या दुःखातही घासूची मान ताठ झाली. "मी साफ करून देतो ना."

बाई थबकल्या. "काय करून?"

"साफ. काड्या काढून टाकतो. थोरलीच्या फार असतात, वीतवीतभर. आणि चुकीच्या बाटलीत गेलेली चमकी काढून ज्याच्या त्याच्या बाटलीत घालतो. चिमट्यानं. दीड तास लागतो रोज, पण मी कधी त्याचं बोललो नाही."

बाईंनी जवळची बादली उलटी केली आणि तिच्यावर बसल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतात की हसतात, ते घासूला कळेना. बहुतेक दोन्ही.

"काका, तुम्ही तीन आठवडे माझ्या पुराव्याची झाडलोट केलीत!"

"म्हणजे चुकलं?"

"कुठायत त्या काड्या?"

दुसरा कुणी असता तर काड्या केव्हाच खड्ड्यात गेल्या असत्या. पण भरल्याशिवाय डबा रिकामा करणं म्हणजे फुकटची खेप, असा घासूचा हिशेब होता. डबा अजून चार बोटं रिकामा होता. बाईंनी हत्तीघरात जाऊन काड्या फरशीवर ओळीनं मांडल्या आणि पट्टी लावली. घासूला ते बघवेना, सकाळीच धुतलेली फरशी.

"हे चावलेलंच नाही. नुसतं गिळलंय. काका, हत्तीला जन्मात सहा वेळा दाढा येतात. शेवटची झिजली की पुढं काही नाही. थोरली उपाशी आहे. समोर गवत असून उपाशी. धास्ती धाकटीची नाही, भुकेची आहे."

"आणि चमकी?"

"ती चुकीच्या जागी पडलीच नव्हती." बाई उठल्या. "धाकटीचा पिठाचा गोळा थोरलीच्या पोटात जात होता. कसा, ते बघायचं. उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवताच्या गंजीमागे चौघं दबा धरून बसले. साहेब, बाई, घासू आणि मनाविरुद्ध चारावाला. घासू या वेळी रोज गाडी घेऊन चढावर असे. हत्तिणींना खाताना त्यानं एकतीस वर्षांत क्वचितच पाहिलं होतं.

पिठाचे गोळे जिच्या तिच्या गव्हाणीत पडलेले होते.

"हातानं तोंडात द्यायचं ठरलं होतं ना?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"रोज कोण तोंडात हात घालणार?" चारावाला पुटपुटला. "मी ठेवून चहाला जातो."

थोरलीनं आधी आपला गोळा खाल्ला. मग गवताचा झुपका उचलला, तोंडात घोळवला, घोळवला, आणि ओली गुंडाळी करून खाली टाकली. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. मग नुसती उभी राहिली. धाकटीनं आपल्या गव्हाणीतला गोळा सोंडेत घेतला, चार पावलं चालत आली आणि थोरलीच्या तोंडासमोर धरला. थोरलीनं तो असा घेतला, जणू तिचाच होता. आभार नाही, काही नाही. मग धाकटीनं थोरलीचं गवत ओढलं आणि कचाकचा खायला लागली.

चारावाला रोज चहा पिऊन येत होता, त्याला नाटकाचा दुसराच अंक दिसत होता.

साहेब उठले, कपड्यांवरचं गवत झटकलं. मग म्हणाले, "पशुवैद्याला बोलवा. तोंड उघडून बघा."

तोंड उघडलं. दाढ नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. साहेबांनी फाईल मागवली, आधीचं खोडलं आणि खाली नवं लिहिलं. धाकटी इथंच राहील. थोरलीचा चारा बारीक कापून, भिजवून द्यावा. कापायचं काम चारावाल्याकडे. रोज सत्तर किलो. घासूनं त्याला कोयता कसा धरायचा ते दाखवलं, खांद्यातून, मनगटातून नाही. चारावाल्यानं पहिल्या दिवशी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ऐकलं.

धाकटीनं गोळा समोर धरला होता ते घासूनं आधी कुठंतरी पाहिलं होतं. कुठं ते आठवेना. संध्याकाळी बायकोनं पावाच्या कडा कापून मऊ भाग त्याच्या बशीत सरकवला, तेव्हा आठवलं. त्यानं बशीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"असे काय बघताय? कधी पाव पाहिला नाही?"

"काही नाही." मग बऱ्याच वेळानं, "कडा कडक असतात का गं?"

"मला आवडतात. चिमटा आणलात?"

त्यानं खिशातून चिमटा काढून टेबलावर ठेवला. तीन पाण्यांत उकळलेला, वाळूनं घासलेला, लखलखीत. बायकोनं तो कागदात धरून उचलला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पेटी परत गेली तीही लखलखीत. धाकटीनं शेवटच्या दिवशी सवयीनं आत जाऊन केळी शोधली, मिळाली नाहीत म्हणून सहा गोळे टाकले आणि फणकाऱ्यानं बाहेर आली. घासूनं पेटी दोनदा धुतली. गाडीवाला म्हणाला, "अहो काका, जनावराची पेटी आहे, पुन्हा घाणच होणार." घासूनं तिसऱ्यांदा धुतली.

महिन्यानं बाईंनी थोरलीचा नमुना पुन्हा मागवला. गोळा आता बारीक कुटल्यासारखा झाला होता. पण त्यात एक काडी होती. आडवी, बोटभर, अगदी वरती. शिवाय एका बाजूला थोडी माती लागलेली. घासूनं बाटली हातात धरली. बोटं शिवशिवली. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. काडी तशीच आत गेली. मातीही गेली. झाकण लावताना बाटलीची कड बरबटली, ती त्यानं पुसली नाही. मोठ्या कष्टानं पुसली नाही. इतकं अवघड काम त्यानं एकतीस वर्षांत केलं नव्हतं.

मग चिठ्ठी घेतली, तारीख लिहिली, थोरली लिहिलं, आणि खाली लिहिलं, साफ केलेलं नाही, माफी असावी.